गैरहजेरीचे सामने

टेबलं पाच. खुर्च्या पाच. स्क्रीन सात, कारण येपे आणि आस्गर दोन-दोन लावून बसायचे. हेडफोन सहा, त्यांतला एक कानाशी तुटलेला. खिडकीच्या कट्ट्यावर चॉकलेट-दुधाच्या रिकाम्या बाटल्या नऊ, आणि रेडिएटरवर वाळत टाकलेला मोजा, एकच. बुधवारी दुपारी दोन वाजता एस्बेन संगणकी खेळाच्या सरावाच्या खोलीत शिरला तेव्हा एवढं होतं. माणूस कोणी नव्हता. कुठल्याही खोलीत शिरलं की आधी मोजायचं, ही त्याची शाळेपासूनची खोड. मोजून झालं की खोली ओळखीची होते. तो आपल्या खुर्चीत बसला आणि त्याचे पाय जमिनीला नीट टेकले नाहीत. टाचा अधांतरी राहिल्या. क्षणभर त्याला वाटलं, आपलेच पाय आखूड झालेत. जानेवारीपासून शरीराबद्दल असं काहीबाही वाटायचं त्याला. हात जड झालाय, डाव्या कानाला कमी ऐकू येतंय. डॉक्टर म्हणायचे, काही नाही. मग त्याने ड्रॉवरमधून पट्टी काढली आणि बैठकीपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजलं. बावन्न सेंटिमीटर. त्याची खुर्ची तीन वर्षं सत्तेचाळीसवर होती. इतका वेळ तो दुसऱ्याच्या उंचीवर बसला होता, आणि ती उंची कोणाची असणार हेही त्याला ठाऊक होतं.

जिन्यावर पावलं वाजली. संघाचा कप्तान येपे, हातात पावांची कागदी पिशवी, नाक थंडीने लाल.

“खुर्ची कोणी वर केली?” एस्बेनने विचारलं.

“कुठली?”

“माझी.”

“अरे, काल लॉरिट्स आला होता. तू दातवाल्याकडे होतास ना. बसला दोन तास.”

“नुसता बसला?” लॉरिट्स संघाचा राखीव खेळाडू होता.

“खेळला. आता दोन तास बसून विणकाम करणार होता का तो?” येपेने पिशवी फाडली, एक पाव त्याच्याकडे सरकवला. मग लोणी लावता लावता, मान वर न करता म्हणाला, “शुक्रवारी बाराला नावं द्यायचीत. तुझा तक्ता काढून ठेव. ठरल्याप्रमाणे.”

ठरल्याप्रमाणे. ठरवलेलं खरंच होतं, आणि ठरवणारा एस्बेनच होता. दर सोमवारी सकाळी अकराला संघांची क्रमवारी लागायची. प्रत्येक संघासमोर गुण. आपल्याहून वरच्याला हरवलं की गुण पुष्कळ चढायचे, खालच्याला हरवलं तर नावापुरते. आणि खालच्याकडून हरलात तर एका दुपारी महिन्याची कमाई जायची. पहिल्या चोवीस संघांना वसंतातल्या स्पर्धेचं बोलावणं. त्यांचा संघ नाताळात पंधरावा होता, आता तेविसावा. पाचातले तीन तेच राहिले तर संघाचे गुण संघाकडेच राहतात, असा नियम. म्हणजे एक माणूस बदलला तर संघाचं कागदोपत्री काहीच जात नाही. जातो तो फक्त माणूस. तो कोणता, यावरून भांडणं नकोत, म्हणून वर्षापूर्वी याच खोलीत पाचही जणांनी हात मिळवले होते: एस्बेनचा तक्ता सांगेल तो. एस्बेनने पदार्थविज्ञान पुरं केलेलं, त्याच्या तक्त्यात प्रत्येक सामना, समोरच्या संघाचे गुण, कोण खेळलं, कोण नाही, सगळं. तक्ता कोणाचा मित्र नसतो, असं तेव्हा तोच म्हणाला होता, आणि सगळ्यांना ते पटलं होतं. सगळ्यांना म्हणजे तेव्हा खोलीत असलेल्या पाच जणांना. त्यांतला एक रूने होता.

घरी जाताना तो पुलावरून चालत गेला. फ्योर्डच्या खाडीवरून वारा येत होता, गालावर बारीक वाळू मारल्यासारखा. वाटेत थांबावं लागलं, पुलाच्या मधल्या फळ्या बोटीसाठी वर गेलेल्या. खालून एक मालवाहू बोट निघाली होती, आणि सायकलवाले एक पाय जमिनीवर टेकवून मुकाट उभे होते. बाबांनी एकतीस वर्षं हा पूल उघडला आणि मिटला. घरी ते जेवताना सांगायचे, आज चौदा, आज नऊ. बाकी दिवसाबद्दल काही नाही. शेवटचे एकोणीस दिवस ते रुग्णालयातल्या ज्या खोलीत होते तिच्या खिडकीतून पाणी दिसत नव्हतं, गाड्या लावायची जागा दिसायची, तर ते गाड्या मोजायचे. स्वादुपिंडाचा आजार, हात लाकडासारखे वाळलेले, पण नजर तीच, पुलाची उघडझाप करणाऱ्याची. एका दुपारी त्यांनी विचारलं होतं, “तर मग तू सध्या किती?”

“मी नाही बाबा, संघ. सतराशे बावीस.”

“आणि तू?”

“माझा वेगळा काढता येत नाही. आम्ही पाच जण मिळून जिंकतो नाही तर हरतो.”

“म्हणजे तू त्याचा पाचवा भाग.”

“तसंही नाही सांगता येत.”

ते हसले, आणि हसणं पोटात दुखलं म्हणून थांबले. “तुझं शिक्षण फार झालं रे. माझ्या वेळी पूल उघडला की तो मीच उघडलेला.” थोड्या वेळाने म्हणाले, “ते पोरगे तुझ्याशिवाय खेळतायत ना आत्ता? जा ना मग.” तो गेला नाही. लॉरिट्स त्याच्या जागी बसत होता. खोलीत औषधाचा गोडसर वास होता आणि बाबांच्या पायाखाली मेंढीचं कातडं. निकाल मोबाइलवर यायचे, तो बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये जाऊन बघायचा. जिंकले. जिंकले. हरले. जिंकले. तेव्हा त्याला बरं वाटलं होतं. दुसरं काय वाटणार, त्याचेच मित्र होते ते.

गुरुवारी सकाळी त्याने तक्ता काढला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, राय-धान्याच्या पावाची ताटली बाजूला सारून. हात स्वच्छ धुतले. हिशेबाआधी तो नेहमी धुवायचा, का ते त्यालाही सांगता आलं नसतं. एकूण सामने एकशे त्रेचाळीस. मागच्या एप्रिलपासूनचे, म्हणजे रूने गेल्यावर व्हिगो आला तेव्हापासूनचे. गणित चाललं तेवढा वेळ खाली अंगणात कोणीतरी सायकलच्या चाकात हवा भरत होतं, त्याचे फुस्कारे तो मोजत राहिला. सव्विसाव्या फुस्काऱ्याला उत्तर आलं, कोणामुळे संघाचे गुण किती वर-खाली झाले ते. येपे, अधिक आठ पूर्णांक दोन. आस्गर, अधिक आठ पूर्णांक दोन. बिर्क, अधिक आठ पूर्णांक दोन. व्हिगो, अधिक आठ पूर्णांक दोन. एस्बेन, उणे एकतीस.

त्याला आश्चर्य वाटलं नाही हेच पहिलं आश्चर्य. त्याने उरलेली लिव्हरची पेस्ट पावावर लावली, खाल्ली, ताटली धुतली. मग परत येऊन त्या चार ओळींकडे बघत बसला. आठ पूर्णांक दोन, चार वेळा. येपे, जो चिडला की बरोबर खेळतो. आस्गर, ज्याचा हात सगळ्यांत जलद आणि डोकं सगळ्यांत उतावळं. बिर्क, जो चुकला तर तीन दिवस गप्प. आणि व्हिगो, जो अजून खेळातले नकाशे पाठ करतो. ही चार माणसं दशांशापर्यंत सारखी? प्रयोगशाळेत चार तापमापकांनी असा सारखा आकडा दिला असता तर त्याने आधी वायर तपासली असती. त्याने आता तपासली. त्या चौघांपैकी कोणीही वर्षात एकही सामना चुकवला नव्हता. एकशे त्रेचाळीसच्या एकशे त्रेचाळीस सामन्यांत ते चौघे एकत्रच होते. तक्त्याच्या दृष्टीने ती चार माणसं नव्हतीच, चार पाठी असलेला एकच प्राणी होता. तक्त्याला त्यांच्यात फरक करायला कधी संधीच मिळाली नव्हती. संधी मिळाली होती एकाच्याच बाबतीत, कारण एकच माणूस कधी तरी नव्हता. अकरा सामने. जानेवारीची पाच तारीख ते तेवीस. अकरातले आठ जिंकलेले. बाबांच्या उशाशी बसलेल्या त्या एकोणीस दिवसांतूनच तक्ता त्याला ओळखत होता. उरलेल्या एकशे बत्तीस सामन्यांत तो काय करत होता याची तक्त्याला दखलच नव्हती.

त्याने अधिक-उणे काढलं, म्हणजे उत्तर किती इकडे-तिकडे असू शकेल ते. तक्त्यात तो रकाना पहिल्यापासून होता, त्याने लपवून ठेवला होता, कारण येपेला दोन आकडे बघितले की वैताग यायचा. चौसष्ट. उणे एकतीस, अधिक-उणे चौसष्ट. म्हणजे तो संघाला जड असेल, नाही तर संघातला सर्वांत चांगला खेळाडू असेल; तक्ता दोन्हीला मान हलवत होता. मग त्याने एक गोष्ट केली जी करताना त्याने स्वतःला सांगितलं की आपण फक्त बघतोय. त्या अकरा ओळींत जिथे त्याच्या नावापुढे शून्य होतं तिथे एक टाकला. जणू तो खेळला होता. आकडे हलले आणि पाचही जण एकसारखे झाले. दोष द्यायला कोणीच उरलं नाही. तक्ता शांत, गुळगुळीत, मेलेल्या पाण्यासारखा. हे येपेला पाठवलं असतं तर कोणी उघडून बघितलं नसतं. बराच वेळ त्याचं बोट तिथे राहिलं. मग त्याने परत शून्यं टाकली, एकेक करून अकरा, कारण त्या दिवसांत तो खरोखर तिथे नव्हता. दुसरीकडे होता, आणि ते पुसायला त्याचा हात होईना.

आणि मग, उशिरा, रूने आठवला. रूनेचं मनगट मागच्या वसंतात प्लास्टरमध्ये होतं. किती सामने? एस्बेनने जुना तक्ता उघडला. चार. चारही जिंकलेले. आणि रूनेच्या वर चार ओळी, चार एकसारखे आकडे. त्याला तो दिवस आठवला: त्याने ते चार आकडे मोठ्या स्क्रीनवर दाखवले होते, आणि चक्क अभिमानाने म्हणाला होता, बघा, आपण चौघे किती समतोल आहोत. त्याला ते सुंदर वाटलं होतं. एवढा शिकलेला, आणि अज्ञान सुबक मांडलेलं दिसलं तर त्याला समतोल म्हणाला. रूने तेव्हा प्लास्टरवरचा एक सुटलेला धागा ओढत बसला होता. “चार सामन्यांवरून?” एवढंच त्याने विचारलं. आणि एस्बेन म्हणाला होता, “आकडा तो आकडा, रूने.”

दुपारी त्याने फोन लावला. वर्षात पहिल्यांदा. रूने आता हिर्ट्सहाल्सच्या बंदरात मासळीच्या गोदामात होता. मागे बर्फ फावड्याने ओढल्याचा आवाज येत होता.

“कोण? एस्बेन? काय रे, कोणी मेलं का?”

“बाबा गेले. जानेवारीत.”

पलीकडे फावडं थांबलं. “ओह. चांगला माणूस होता. मला एकदा पुलावरच्या केबिनमध्ये घेऊन गेले होते, आठवतं?” मग म्हणाला, “पण तू ते सांगायला फोन नाही केलास.”

एस्बेनने सांगितलं. नीट, क्रमाने, चार आकडे, अधिक-उणे, सगळं. रूनेने सगळं ऐकून घेतलं. संपल्यावर म्हणाला, “हे तुला कधी कळलं?”

“आज.”

“आज तक्त्यात खाली कोणाचं नाव आहे?”

“माझं,” एस्बेन म्हणाला. रूने हसला, पण वाईट हसला नाही. दमलेल्या माणसासारखा हसला. “तरीच. माझं होतं तेव्हा गणित बरोबर होतं.” फावडं पुन्हा सुरू झालं. “मी बरा आहे रे इथे. सकाळी मासे मोजतो, संध्याकाळपर्यंत कोणी म्हणत नाही कुठला मासा संघाला जड होता. त्यांना सांगणार आहेस हे?”

“हो.”

“मग केक घेऊन जा,” रूने म्हणाला आणि फोन ठेवला.

तो त्यांचा रिवाज होता. जो घोडचूक करेल त्याने पुढच्या वेळी सगळ्यांना केक आणायचा, आणि केक कापण्याआधी उभं राहून चूक सांगायची. शुक्रवारी सकाळी साडेअकराला एस्बेन दालचिनीचा मोठा केक घेऊन जिना चढला. खोका हातात गरम लागत होता. चौघेही आलेले होते.

“अरे बापरे,” आस्गर ओरडला, “केवढा तो! काय जाळलंस लेका, सर्व्हर?”

“कापा, कापा, आधी खाऊ, मग रडू,” व्हिगो म्हणाला.

“आधी सांगायचं,” बिर्क म्हणाला. “नियम.”

एस्बेन उभा राहिला. “तक्ता चुकीचा आहे,” तो म्हणाला. “पाच जण मिळून सोफा वर नेतायत. सोफा गेला वर. कोणी किती जोर लावला, बघणाऱ्याला सांगता येईल? नाही. एक जण कॉफी प्यायला गेला, त्याच्या जागी दुसरा आला, तर त्या एकाबद्दल थोडं कळेल. बाकीच्या चौघांबद्दल तरीही काही नाही.”

“म्हणजे माझ्याबद्दल तक्त्याला काही माहीत नाही?” व्हिगोने विचारलं.

“काहीच नाही.”

“वाचलो.”

आस्गर फिस्सकन हसला. मग बिर्क म्हणाला, “आणि रूनेच्या वेळी?”

“तेव्हाही हेच होतं. चार सामने. मी त्याला काढलं ते चार सामन्यांवर.”

खोलीत रेडिएटरचा टकटक आवाज होता. तो आधीपासून असणार. आस्गरने टेबलावरचे पाय खाली घेतले. “तेव्हा का नाही बोललास?”

“तेव्हा दिसलं नाही.”

“आता बरं दिसलं.”

“आस्गर,” बिर्क म्हणाला.

“नाही, मी विचारतोय. तक्ता ह्याचा, नियम ह्याचा. रूनेचं नाव आलं तेव्हा आकडा तो आकडा. स्वतःचं आलं की सोफा आणि कॉफी.”

आस्गरचं म्हणणं एस्बेनला पटलं. गणितही खरं होतं आणि हेही खरं होतं, आणि दोन्ही एकाच माणसाच्या तोंडून येत असल्यामुळे एकाने दुसऱ्याची किंमत घालवली होती. त्याला हे बाहेरून, कोणा तिसऱ्याच्या चुकीसारखं स्पष्ट दिसत होतं. बोटांना दालचिनीचा वास येत होता. बिर्क खाली बघत म्हणाला, “ते जानेवारीतले अकरा सामने... तेव्हा आम्ही तुझ्या बाबांसाठी खेळत होतो. रोज सुरू करण्याआधी येपे म्हणायचा, एस्बेनला तिकडे निकाल जातोय, हरायचं नाही. एरवी आपण इतकं जीव तोडून कुठे खेळतो.”

हे एस्बेनला माहीत नव्हतं. कॉरिडॉरमधला पिवळा उजेड, मोबाइलवरचं जिंकले, जिंकले. त्या आठ विजयांत लॉरिट्स किती, त्याचं नसणं किती, आणि हे जीव तोडून खेळणं किती, हे वेगळं करायचं तर हे पुन्हा घडायला हवं होतं; पुन्हा कोणाचा तरी बाप मरायला हवा होता, बऱ्याच वेळा, वेगवेगळ्या संघांसमोर.

“मग हे तक्त्यात कुठे टाकायचं?” आस्गरने विचारलं, आणि या वेळी त्याच्या आवाजात टोमणा नव्हता.

“टाकता येत नाही,” एस्बेन म्हणाला.

येपे इतका वेळ खिडकीशी उभा होता. त्याने घड्याळ बघितलं. “बाराला वीस मिनिटं आहेत. एकाला बदलायचं आहे, नाही तर पुढच्या आठवड्यात आपण चोविसांच्या बाहेर. तक्ता चुकीचा, मान्य. दुसरा कुठला आकडा आहे का कोणाकडे?”

व्हिगोने नकारार्थी मान हलवली.

“एस्बेन, किती आलाय?” येपेने विचारलं.

“त्याला अर्थ नाही, येपे.”

“नसू दे. किती?”

“उणे एकतीस. अधिक-उणे चौसष्ट.”

“उणे एकतीस,” येपे म्हणाला. दुसरा आकडा त्याने टाळला नाही. तो त्याला ऐकूच आला नव्हता, जसा माणसाला स्वतःच्या घरातल्या घड्याळाचा टोल ऐकू येत नाही. “तुझ्याविरुद्ध काही नाही रे माझं. खरंच नाही. पण काहीतरी धरून चालायला हवं ना.” त्याने हात वर केला. आस्गरने केला. व्हिगोने दोघांकडे बघून केला. बिर्कचा हात टेबलावर होता, बोटं केकच्या खोक्याच्या दोऱ्यात अडकलेली. त्याने ती सोडवली आणि कोपरापर्यंत हात उचलला, तेवढाच. बारा वाजायला अकरा मिनिटं असताना येपेने लॉरिट्सचं नाव भरलं. एस्बेनने आपला माउस, हेडफोन आणि पट्टी पिशवीत घातली. केक कोणी कापला नाही. जिन्यात त्याच्या लक्षात आलं की त्याने या वेळी खोलीतलं काही मोजलं नाही.

शनिवारी, रविवारी त्याने सामने बघितले नाहीत. आईकडे गेला, बाबांचे कोट बाहेर काढले, खिसे तपासले, घड्या घातल्या. आईने विचारलं, “आज खेळ नाही का तुझा?” तो म्हणाला, “आहे, पण दुसरा बसलाय.” ती म्हणाली, “बरं झालं, तुलाही जरा विश्रांती.” पाऊस नव्हता, ऊन नव्हतं, मार्चमधला तो सपाट पांढरा उजेड होता ज्यात कुठल्याच वस्तूला सावली नसते. आपण नसल्याने काही फरक पडतो का, हे कळायला आपण काय द्यायला तयार आहोत, असं त्याने स्वतःला एकदा विचारलं. लॉरिट्स जिंकला तर आपण जड होतो, हरला तर आपण हवे होतो. दोन्हींपैकी काहीही चालेल असं त्याला वाटलं, आणि ते वाटणं इतकं हलकट होतं की त्याने आईच्या हातातला कोट घेऊन उगाच पुन्हा झटकला.

सोमवारी अकरा वाजता यादी लागली. सामने चार. जिंकलेले दोन, हरलेले दोन. संघाचे गुण सोळाशे चौऱ्याऐंशी. मागच्या सोमवारी सोळाशे चौऱ्याऐंशी. स्थान पंचविसावं: दोन संघ पुढे सरकले होते, आणि एस्बेन जड होता की हवा होता ते आकड्यात कुठेच नव्हतं.